चालण्याजोगी, कमी कार्बनची वस्ती आखताना रहिवाशांना सोबत कसं घ्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान रहिवासी संघांसाठी आहे, तसंच पालिकेतले अभियंते, नियोजनकार आणि वस्तीत धडपडणारे कार्यकर्ते यांच्यासाठीही. सभांमध्ये जे प्रश्न हमखास निघतात तेच इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण भांडणं तिथेच होतात.

कमी कार्बनची, चालण्याजोगी वस्ती म्हणजे नेमकी कशी?

रोजचं सामान, शाळा, दवाखाना, बाग, बसथांबा किंवा स्टेशन या गोष्टी जिथे पायी गाठता येतात आणि गाठताना जीव मुठीत धरावा लागत नाही, ती चालण्याजोगी वस्ती. लोक चालले, सायकलने किंवा बसने गेले की इंधन कमी जळतं. कार्बनचा दुसरा मोठा वाटा इमारतींचा. त्या बांधताना लागणारं सिमेंट-पोलाद आणि नंतर त्या थंड किंवा उबदार ठेवायला लागणारी ऊर्जा, दोन्ही यात आलं.

पॅरिसमधले प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांनी २०१६ मध्ये मांडलेली ‘१५ मिनिटांचं शहर’ ही कल्पना तुमच्या कानावर आली असेल: रोजच्या गरजेचं सगळं घरापासून १५ मिनिटांत पायी किंवा सायकलने गाठता यावं. कल्पना चांगली आहे, पण १५ मिनिटं कोणाची, हे विचारून घ्या. धडधाकट माणूस ताशी ५ किलोमीटर चालतो, म्हणजे १५ मिनिटांत सव्वा किलोमीटर. काठी टेकत ताशी ३ किलोमीटरने चालणाऱ्या आजी तेवढ्याच वेळात पाऊण किलोमीटर जातात, आणि तेही वाटेत बसायला बाक असेल तर. नकाशावर कंपासने वर्तुळ काढून हे कळत नाही.

हे तज्ज्ञांचं काम आहे. रहिवाशांना विचारून काय साधणार?

तज्ज्ञांना रस्त्याची रुंदी, गटाराचा उतार, तासाला किती वाहनं जातात हे कळतं. शाळा सुटताना फाटकासमोर काय गोंधळ उडतो, कोणत्या बोळातून अंधार पडल्यावर बायका जात नाहीत, पहिल्या पावसात कुठे घोटाभर पाणी साचतं, हे तिथे राहणाऱ्यांना ठाऊक असतं. दोन्ही माहिती एकत्र आल्याशिवाय आराखडा कागदावरच छान दिसतो.

शिवाय इतिहास बघा. नेदरलँड्स आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो, पण तिथे १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली आणि त्यांत ४०० हून अधिक मुलं होती. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले. १९७२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या दे पैप भागातल्या मुलांनी आपल्याला खेळायला रस्ता मोकळा करून द्या म्हणून मोहीम काढली. गाडीने माणसाच्या चालीने जायचं, रस्ता मुलांचा आणि चालणाऱ्यांचा, ही ‘वूनएर्फ’ची पद्धत डेल्फ्टमध्ये रुजली आणि १९७६ मध्ये तिला कायद्याचं स्थान मिळालं. लोकांनी रेटा लावला म्हणून तज्ज्ञांच्या हाताला काम लागलं, असंही म्हणता येईल.

रहिवाशांना कधी विचारायचं?

आराखडा काढायच्या आधी. एवढं एक पाळलं तरी पुढचे निम्मे वाद टळतात.

नेहमी घडतं ते उलटं. आराखडा तयार होतो, त्याची रंगीत चित्रं लागतात, मग ‘हरकती व सूचना’ मागवतात. तोवर सल्लागाराचे पैसे दिलेले असतात आणि कोणालाच काही बदलायचं नसतं. लोकही दुधखुळे नसतात, त्यांना हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. अमेरिकेतल्या शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्येच लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. सगळ्यात खाली लोकांना गुंडाळणं, मध्ये माहिती देणं आणि सल्ला विचारणं, सगळ्यात वर लोकांच्या हाती निर्णय. आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे बैठक बोलावणाऱ्याने आधी स्वतःशी कबूल करावं.

सगळंच लोकांवर सोडता येत नाही, हेही खरं. मग तसं सांगा. जलवाहिनी बदलायचीच आहे, रस्ता खणला जाणारच, त्यावर चर्चा नाही. पण बुजवल्यानंतर त्या रस्त्यावर फुटपाथ किती रुंद, झाडं कुठे, गाड्या कुठे, हे खुलं आहे. (जाता जाता: रस्ता कोणत्याही कारणाने खणला जाणार असेल तर ती संधी सोडू नका. पुन्हा बांधायचा खर्च होणारच असतो, तो निराळ्या मांडणीसाठी वापरता येतो.)

सभेला नेहमी तीच माणसं येतात. बाकीच्यांपर्यंत पोचायचं कसं?

संध्याकाळी सातची सभा म्हणजे निवृत्त पुरुष, गाडीमालक आणि ज्यांचं बोलणं ऐकून घेतलं जातं अशी मंडळी. त्या वेळी कोणी स्वयंपाकात असतं, कोणी पाळीवर, कोणी लहान मुलाला घेऊन बसलेलं. भाडेकरूंना आपल्याला बोलावलंय असं वाटतच नाही. म्हणून लोकांना सभेकडे ओढण्यापेक्षा आपणच लोक असतात तिथे जावं. शाळेचं फाटक, बसथांबा, दवाखान्याची रांग, बाजार या जागी उभं राहून दहा मिनिटं बोललेलं जास्त उपयोगी पडतं. बैठक घ्यायचीच असेल तर मुलं सांभाळायची सोय करा, आणि रोजंदारीवर जाणाऱ्यांना वेळेचा मोबदला द्या. सल्लागाराला मानधन मिळतं, मग ज्याच्या अनुभवावर आराखडा उभा राहतो त्याला का नको?

व्हिएन्नाचं उदाहरण मला फार शिकवणारं वाटतं. तिथे नव्वदच्या दशकात पालिकेने बायका-मुली शहर कसं वापरतात हे बारकाईने पाहायला सुरुवात केली. नऊ-दहा वर्षांनंतरच्या मुली बागांमधून दिसेनाशा होतात, मुलगे मात्र येत राहतात, असं आढळलं. मोकळं मैदान मुलग्यांनी व्यापलं की मुली माघार घेत होत्या. मग काही बागांमध्ये मैदानाचे भाग पाडले, येण्या-जाण्याच्या वाटा वाढवल्या, बसायला जागा केल्या आणि मुली परत दिसू लागल्या. ‘बागेबद्दल काही तक्रार?’ असं सभेत विचारलं असतं तर हे कधीच बाहेर आलं नसतं, कारण ज्यांची तक्रार होती त्या सभेत नव्हत्याच.

दुसरी वाट चिठ्ठ्या काढून निवडण्याची. वय, लिंग, उत्पन्न, घरमालक की भाडेकरू असं प्रमाण सांभाळून रहिवाशांचा गट निवडायचा, त्यांना माहिती द्यायची, वेळ द्यायचा आणि शिफारशी करायला सांगायचं. फ्रान्सने २०१९-२० मध्ये हवामानाच्या प्रश्नावर असे १५० नागरिक बसवले होते. त्यांनी कामही कसून केलं. पण शिफारशी जशाच्या तशा पुढे नेण्याचा शब्द मिळाला होता आणि प्रत्यक्षात पुष्कळ पातळ झाल्या, त्याचा कडवटपणा राहिला. पाळता येईल तेवढाच शब्द द्यावा.

ऑनलाइन सर्वेक्षण पुरेसं नाही का?

नाही. पूरक म्हणून ठीक. ज्याला मोबाइलवर लांबलचक अर्ज भरायला वेळ आहे त्याचंच मत त्यात उमटतं.

लोकांना नेमकं काय विचारायचं?

‘तुम्हाला कशी वस्ती हवी?’ असं विचारलंत की सगळे हिरवीगार, शांत, स्वच्छ असं सांगतात आणि हाती काही लागत नाही. त्यांचा कालचा दिवस विचारा. काल घरातून कुठे कुठे गेलात? कसे गेलात? कोणता रस्ता टाळलात? मुलाला एकटं कुठवर सोडता? गाडी काढलीत तर कशासाठी? या उत्तरांतून जवळच्या जवळ मारलेल्या कितीतरी फेऱ्या बाहेर येतात. अंतर फार नसतंच, मधला एक चौक ओलांडता येत नाही म्हणून गाडी निघते. तो चौक सुधारला की त्या फेऱ्या आपोआप पायी होतात. कार्बन कमी करण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

वस्ती-फेरी कशी काढायची?

लहान गटाने, सावकाश, आणि दोनदा: एकदा दिवसा, एकदा अंधार पडल्यावर. गटात एक लहान मूल, एक वयस्क, एक व्हीलचेअर किंवा बाबागाडी असलीच पाहिजे, आणि पालिकेचा अभियंताही. तो ऑफिसात बसून वाचेल म्हणून अहवाल लिहिण्यापेक्षा त्याच्या हातात बाबागाडी द्या.

मोजपट्टी न्या. फुटपाथची रुंदी भिंतीपासून कडेपर्यंत मोजायची नसते, मोकळी किती ते मोजायची. विजेची पेटी, खांब, झाडाचा कट्टा, फलक, लावलेल्या दुचाक्या वजा करा. दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जायला साधारण १.८ मीटर लागतात. कागदावर अडीच मीटरचा असलेला फुटपाथ पेटीपाशी ७० सेंटिमीटरचा निघतो, तेव्हा लोक रस्त्यावरून का चालतात याचं उत्तर मिळतं. कडेची उंचीही बघा. पायरी फार उंच असली की गुडघेदुखीची माणसं ती चढतच नाहीत, कडेकडेने गाड्यांमधून जातात. सिग्नल हिरवा झाल्यापासून लाल होईपर्यंत आजी पलीकडे पोचतात का, ते घड्याळ लावून बघा. झेब्रा पट्टे कुठे आहेत आणि लोक खरंच कुठून ओलांडतात, दोन्ही नकाशावर वेगवेगळ्या रंगाने मांडा. लोक चुकीच्या जागेवरून ओलांडत नसतात, बहुतेकदा पट्टेच चुकीच्या जागी असतात.

सावलीची नोंद विसरू नका. उन्हात अर्धा किलोमीटर आणि झाडाखालून अर्धा किलोमीटर ही दोन वेगळी अंतरं आहेत.

पार्किंगवरून भांडणं होणारच. काय करायचं?

होणारच. टाळू नका, आणि शेवटच्या बैठकीसाठी राखूनही ठेवू नका.

आधी मोजणी करा, आणि ती रहिवाशांनीच करावी. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन वेळा रस्त्यावर उभ्या गाड्या मोजायच्या, कोणत्या दिवसभर हलल्याच नाहीत ते टिपायचं, इमारतींच्या आत किती जागा रिकाम्या आहेत तेही. अशा मोजणीतून हमखास काहीतरी अनपेक्षित निघतं: बाहेरच्या लोकांनी दिवसभरासाठी टाकलेल्या गाड्या, आतलं पार्किंग अडगळीने भरलेलं, महिनोन्‌महिने धूळ खात पडलेली वाहनं. मग वाद ‘गाडीवाले विरुद्ध बिनगाडीवाले’ असा राहत नाही.

जागेचा हिशेबही मांडा. एक गाडी रस्त्यावर साधारण साडेबारा चौरस मीटर अडवते. तेवढ्यात आठेक सायकली उभ्या राहतात, किंवा एक झाड आणि दोन बाक बसतात. ही जागा सगळ्यांची आहे. तिचा उपयोग काय करायचा हे सगळ्यांनी ठरवायचं म्हटलं तर त्यात गैर काय?

जर्मनीत फ्रायबुर्ग शहरातल्या फोबान वस्तीने हा गुंता कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे. फ्रेंच सैन्य १९९२ मध्ये छावणी सोडून गेलं, तिथे सुमारे साडेपाच हजार लोकांची वस्ती उभी राहिली, आणि नियोजनात पहिल्यापासून नागरिकांचा मंच होता. प्रत्येक घरासाठी पार्किंगची जागा हवी, असा नियम होता. गाडी न ठेवणाऱ्यांनी त्याचा भुर्दंड का सोसायचा? तोड अशी निघाली की ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी दरवर्षी तसं लिहून द्यायचं आणि भविष्यात लागलीच तर पार्किंग बांधता येईल अशी मोकळी जमीन संस्थेमार्फत राखून ठेवायची. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी ती वस्तीच्या कडेला असलेल्या बहुमजली पार्किंगमध्ये लावायची आणि त्या जागेचे पैसे मोजायचे. गाडीला बंदी नाही, पण तिचा खरा खर्च मालकाच्या पदरात. २००६ मध्ये ट्राम आली आणि गाडीवाचूनचं जगणं आणखी सोपं झालं.

अपंग व्यक्ती, रुग्णवाहिका, सामान उतरवणं, घर बदलणं यांची सोय मात्र पहिल्याच चित्रात दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर विरोध होतो, आणि तो रास्त असतो.

दुकानदार म्हणतात धंदा बुडेल.

त्यांची भीती खोटी नसते, अंदाज बहुधा चुकतो. गिऱ्हाईक गाडीनेच येतं असं दुकानदाराला वाटतं, कारण तो स्वतः गाडीने येतो आणि दारातली गाडी डोळ्यांत भरते. बर्लिनमधल्या दोन बाजाराच्या रस्त्यांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दुकानदारांनी गाडीने येणाऱ्या गिऱ्हाइकांचा अंदाज २० टक्क्यांच्या वर सांगितला, प्रत्यक्षात ते ७ टक्क्यांच्या आसपास निघाले. पण दुसऱ्या शहराचा आकडा दुकानदाराच्या तोंडावर फेकून काही होत नाही. त्यांच्याच दारात, त्यांच्याच पोरांना सोबत घेऊन गिऱ्हाइकांना विचारा. आणि माल उतरवायच्या वेळा आधी ठरवून घ्या, खरी अडचण बरेचदा तिथे असते. फेरीवाल्यांना या बैठकीतून वगळू नका. रस्त्यावर ‘नजर’ ठेवणारे, तो जागता ठेवणारे तेच असतात, आणि सुशोभीकरणात पहिल्यांदा हटवलेही तेच जातात.

आधी करून बघता येतं का?

येतं, आणि जिथे शक्य तिथे तसंच करावं. रंग, कुंड्या, हलवता येणारे बाक, तात्पुरते खांब एवढ्यावर रस्त्याची नवी मांडणी काही महिने अनुभवता येते. बेल्जियमच्या गेंट शहरात २०१३ पासून रहिवासी स्वतःहून आपला रस्ता काही आठवडे-महिने गाड्यांना बंद करून अंगणासारखा वापरू लागले. आधी दारोदार जाऊन शेजाऱ्यांशी बोलायचं, गाड्या कुठे लावायच्या ते ठरवायचं आणि मगच हिरवळ अंथरायची. त्याच शहराने २०१७ मध्ये आरपार वाहतूक रोखणारा आराखडा लागू केला. कोलंबियाची राजधानी बोगोटामध्ये तर १९७४ पासून दर रविवारी मुख्य रस्ते चालणाऱ्या-सायकलवाल्यांसाठी मोकळे होतात. आता ते जाळं १२० किलोमीटरच्या वर गेलंय.

अनुभवाने मत बदलतं याचा सगळ्यात स्पष्ट दाखला स्टॉकहोमचा. शहरात गाडी आणायला शुल्क लावायचं म्हटल्यावर बहुसंख्य लोक विरोधात होते. २००६ च्या जानेवारी ते जुलैपर्यंत चाचणी झाली, रहदारी डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली, आणि सप्टेंबरच्या सार्वमतात शहरातल्या निम्म्याहून थोड्या जास्त मतदारांनी शुल्काच्या बाजूने कौल दिला.

चाचणीच्या आधी मोजमाप मात्र झालंच पाहिजे: वाहनं, वेग, आवाज, चालणारे किती, आणि शेजारच्या रस्त्यांवर काय. नंतर ‘आमच्या गल्लीत गर्दी वाढली’ असं कोणी म्हटलं तर उत्तराला आकडे हवेत. आणि खरंच वाढली असेल तर ते मान्य करून बदल करायची तयारी हवी.

विरोध फारच पेटला तर?

बार्सिलोनाने २०१६ च्या सप्टेंबरमध्ये पोब्लेनोउ भागात इमारतींच्या तीन गुणिले तीन अशा नऊ चौकटी एकत्र करून ‘सुपरब्लॉक’ केला. आरपार गाड्या बाहेरून, आतले रस्ते माणसांसाठी. लोकांशी पुरेसं न बोलता रातोरात रस्ते फिरवले, अशी ओरड झाली आणि निदर्शनं झाली. नंतर खेळायच्या जागा, बाक, झाडं आली, बाजूने बोलणारेही पुढे आले. पुढचं, त्याच शहरातल्या सांत आंतोनी भागातलं काम पालिकेने रहिवाशांशी आधी चर्चा करून हाती घेतलं. ब्रुसेल्समध्ये २०२२ साली स्कारबेक आणि अँडरलेख्टच्या काही भागांत मात्र विरोध इतका वाढला की नवी वाहतूक-रचना मागे घ्यावी लागली. चित्र दोन्हीकडे चांगलंच होतं. लोकांना मात्र ते आपल्यावर लादल्यासारखं वाटलं.

मतदान घ्यावं का?

माझं मत: सुरुवातीला अजिबात नको. न पाहिलेल्या गोष्टीवर लोक भीतीपोटी मत देतात. अनुभव घेतल्यावर घ्या. व्हिएन्नाच्या मारियाहिल्फर रस्त्यावर चाचणीनंतर २०१४ मध्ये रहिवाशांना विचारलं, ५३ टक्क्यांच्या आसपास बाजूने निघाले. अंतर थोडं होतं, पण काम पुढे गेलं. पॅरिसने २०२५ मध्ये आणखी ५०० रस्ते गाड्यांना बंद करायचे का असं विचारलं, दोन तृतीयांश ‘हो’ म्हणाले, पण मत द्यायला आलेच जेमतेम ४ टक्के. अशा कौलाच्या जोरावर कोणाला गप्प बसवता येत नाही.

कार्बनचा हिशेब लोकांना कसा सांगायचा?

टनांत सांगू नका. झोप, दमा, मुलांचं एकटं शाळेत जाणं, इंधनावर आणि विजेवर जाणारा महिन्याचा खर्च यांत सांगा. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते, ५० च्या वेगाला त्याच्या दुप्पट अंतर लागतं. हे रस्त्यावर खडूने आखून दाखवलं की भाषण लागत नाही. कार्बनचा तक्ता अहवालात असू द्या, त्याला वाचणारे वेगळे.

जुन्या इमारती पाडून हरित इमारती बांधल्या तर?

जपून. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमधून येतो. नवी इमारत कितीही काटकसरी असली तरी कोणी राहायला यायच्या आधीच तिच्या नावावर मोठा बोजा चढलेला असतो. जुनी धडधाकट असेल तर छताला उष्णतारोधक थर, खिडक्यांवर सावली, फटी बुजवणं यातून पुष्कळ साधतं. कोणतं घर उन्हाळ्यात तापतं आणि कोणत्या भिंतीला ओल येते, हे पुन्हा राहणाऱ्यांनाच विचारायचं.

वस्ती सुधारली की भाडी वाढतात. मग गरिबांनी सुधारणा मागावीच कशाला?

हा या पानावरचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. झाडं लावली, रस्ता शांत झाला, आणि ज्यांनी त्यासाठी सभा गाजवल्या त्यांनाच घर सोडावं लागलं, असं घडतं. नंतर पश्चात्ताप करून उपयोग नसतो, भाडेकरूंचं संरक्षण आणि परवडणारी घरं हा आराखड्याचाच भाग हवा.

बोस्टनमधल्या डडली स्ट्रीट परिसराची गोष्ट इथे सांगायलाच हवी. जळक्या, ओसाड भूखंडांवर शहरभरचा कचरा येऊन पडत होता. १९८५ मध्ये सुधारणेसाठी संस्था स्थापन करायची सभा भरली, तेव्हा कार्यकारिणीत रहिवाशांना मोजक्याच जागा ठेवलेल्या दिसल्या. लोक उठले आणि विचारलं, तुमच्यातले किती जण इथे राहतात? रचना बदलली, रहिवाशांचं बहुमत आलं. पहिली मोहीम कचरा टाकणं बंद करण्याची होती. १९८८ मध्ये तर ओसाड जमिनी सक्तीने संपादन करायचा अधिकारच या संस्थेला मिळाला. जमीन सामूहिक न्यासाकडे (ट्रस्टकडे) ठेवून त्यावर परवडणारी घरं बांधली, म्हणजे बाजारभाव चढला तरी ती हातची जात नाहीत. प्रत्येक ठिकाणी असा कायदा असेलच असं नाही, पण जमीन कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारता येतो.

पैसा कुठे खर्च करायचा हे लोकांना ठरवू देतात का?

ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेने १९८९ मध्ये हे सुरू केलं, मग जगभर पसरलं. वस्तीपातळीवर अगदी छोटी रक्कम असली तरी चालेल, पण ती खरंच खर्च झालेली दिसली पाहिजे. पहिल्या वर्षी एक बाक आणि दोन दिवे लागले तर पुढच्या वर्षी लोक येतात.

दिलेल्या सूचनांचं पुढे काय होतं?

याचं उत्तर लेखी द्यावं. तक्ता करा: सूचना काय, घेतली का, घेतली नसेल तर का नाही, कोणी ठरवलं. तो वस्तीत फलकावर लावा. ‘तुमच्या सूचनेचा विचार केला जाईल’ हे वाक्य त्यात नको. नकार मिळाला तरी कारण कळलेला माणूस पुन्हा बैठकीला येतो. काहीच न कळलेला येत नाही, आणि चौघांना येऊ नका म्हणून सांगतो.

सगळ्याला किती वेळ लागतो?

एका रस्त्याच्या चाचणीला काही महिने, अख्ख्या वस्तीला काही वर्षं. निवडणुकीच्या तारखेला बांधलेला आराखडा शक्यतो टाळा.

काम पूर्ण झाल्यावर रहिवाशांची भूमिका संपते का?

उलट तेव्हा देखभाल सुरू होते, आणि तिचे पैसे अंदाजपत्रकात कोणी धरलेले नसतात. झाडांना पहिली दोन-तीन वर्षं पाणी कोण घालणार, मोडलेला खांब किती दिवसांत बदलणार, तक्रार कोणाकडे करायची, हे करारात लिहून घ्या. रहिवाशांनी देखरेख करावी, पण झाडूकामगाराचं आणि माळ्याचं काम फुकटात त्यांच्या गळ्यात मारू नये. वर्षभराने तीच वस्ती-फेरी, तीच मोजपट्टी घेऊन पुन्हा काढा आणि जुन्या नोंदींशेजारी नव्या मांडा. जिथे ७० सेंटिमीटर निघाले होते तिथे आता किती आहेत, ते आधी बघा.